कुंपणाबाहेरचा तेरडा

मागच्या पावसाळ्यात एका शाळेत चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता ‘फूल’. जवळजवळ सगळ्या मुलांनी एकच गुलाब काढला होता, मोबाईलवरच्या शुभेच्छांत असतो तसा. शाळेच्या कुंपणाला लागून तेरडा आणि कुर्डू फुलले होते. त्यांच्याकडे एकाचेही लक्ष गेले नव्हते.

निघताना एक पालक म्हणाले, “सर, आपल्यात चित्रकला कुठे चालते?” हा समज जुना आहे आणि अर्धवटही. माणसांच्या व प्राण्यांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे खरे. पण झाडाझुडपांचे तसे नाही. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. एक चित्रकार इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला. चित्रे काढणे हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. त्यांनी त्याला झाडांची आणि ज्यांत रूह नाही अशा वस्तूंची चित्रे काढण्याची वाट दाखवली. म्हणजे वनस्पतींचे दार उघडेच होते.

त्या दारातून आपले कलावंत फार पुढे गेले. १६२० साली जहांगीर बादशहा काश्मीरला गेला, तेव्हा सोबत उस्ताद मन्सूर होता. तिथल्या फुलांची गणती करता येत नाही, मन्सूरने त्यांतली शंभराहून अधिक चितारली, असे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांतली फार थोडी चित्रे आज उरली आहेत. लाल ट्यूलिपचे प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. युरोपातून आलेल्या वनस्पतीग्रंथांतली चित्रेही मोगल चित्रकारांनी पाहिली होती. पण काश्मीरची फुले कोणत्या पुस्तकातून उतरवलेली नव्हती. ती समोर बसून पाहिलेली होती.

पुढे ही फुलझाडे कागदावरून दगडावर आली. ताजमहालाच्या भिंतींवर खालच्या बाजूला मुळापासून शेंड्यापर्यंत उभी रोपे कोरलेली दिसतात. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर कमी पडला, तिथे चुन्याच्या गिलाव्यात वेलबुट्टी घडवली गेली. आपण मात्र ‘गरिबांचा ताज’ म्हणून हसतो आणि त्या वेलबुट्टीकडे पाठ करून सेल्फी काढतो.

माझी तक्रार इथेच आहे. आपल्या नक्षीतले फूल पाहण्यातून जन्मले होते. आज आपण नकलेची नक्कल करतो. मशिदीच्या टाइल्सवर, लग्नपत्रिकेवर, मेंदीच्या कोनातून तेच संगणकातले फूल उतरते. कबरस्तानात पावसाळ्यात आपोआप उगवणारी रोपटी आपल्याला फक्त ‘झाडी’ वाटतात. पेव्हर ब्लॉक बसवले की सुटलो, असे आपण म्हणतो. ज्या रोपट्याचे नावही मुलाला ठाऊक नाही, ते त्याच्या कागदावर कसे येणार?

उपाय स्वस्त आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी श्रावणात एक दिवस मुलांना वही-पेन्सिल देऊन जवळच्या माळावर न्यावे. एकच रोपटे निवडू द्यावे आणि तासभर त्याच्यासमोर बसवावे. पान देठाला कुठे जुळते, कळी कशी झुकते, किड्याने कुठे खाल्ले आहे, हे त्यांनी स्वतः शोधावे. चित्र वाकडे आले तरी चालेल. ते त्यांचे असेल.

मन्सूरच्या नावाचा अभिमान आपण सगळेच बाळगतो. पण तो ज्या फुलापुढे बसला, तसे फूल आपल्याही कुंपणाबाहेर दरवर्षी येते आणि कुणी न पाहताच सुकून जाते.