सैतानाचे नाव घेण्यापूर्वी

नरडाणा-शिंदखेड्याकडील एखाद्या ख्रिस्ती घरून सूनबाईच्या अंगात काहीतरी शिरले आहे, तिची दातखीळ बसते, ती परक्या आवाजात बोलते, असा निरोप धर्मशिक्षकाकडे येतो, तेव्हा बहुधा त्याआधीच लिंबू उतरवून, अंगारा लावून नि भगताची दक्षिणा चुकती करून झालेली असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सैतानाचे अस्तित्व ख्रिस्तसभा नाकारीत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचा त्याग उच्चारावा लागतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री सारी मंडळी तो पुन्हा उच्चारते. परंतु त्याच ख्रिस्तसभेने दुष्टात्मा काढण्याच्या विधीभोवती केवढे कुंपण घातले आहे! धर्मसंहितेच्या ११७२ व्या कलमान्वये स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या खास व स्पष्ट परवानगीवाचून तो कोणासही करता येत नाही, आणि ही परवानगीही धर्मनिष्ठ, ज्ञानी, विवेकी व निर्मळ आचरणाच्या धर्मगुरूसच द्यावयाची असते. व्याधी नाही ना, याची आधी खातरजमा करावी, असे धर्मशिक्षणग्रंथ बजावतो.

केवळ परवानगीने मात्र भागत नाही. जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे अपस्माराचे निदान झालेल्या एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर बिशपांच्या संमतीने महिनोन्‌महिने हा विधी चालला; १९७६ साली अन्नावाचून तिचा देह गळाला, आणि १९७८ साली न्यायालयाने आईबापांस व दोघा धर्मगुरूंस दोषी ठरविले. कागद रीतसर होता, उशाशी वैद्य नव्हता.

आपल्या मुलखात धोका याहून निराळा आहे. अंगात आलेल्या बाईस भगत हटकून विचारतो, ‘तुला कुणी पाठवलं?’ आणि तिच्या तोंडून जे नाव निघते ते पुष्कळदा गल्लीतल्या एखाद्या निराधार विधवेचे असते. त्या क्षणापासून ती डाकीण ठरते. प्रार्थनासभेत आपलाच एखादा उत्साही बंधू हा प्रश्न विचारू लागला, तर सैतानाला दुसऱ्या दाराने आत घेतल्यासारखे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, कोणास चेटकीण ठरविणे, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेच आहेत. पण कायद्याच्या धाकाची वाट धर्मशिक्षकाने का पाहावी?

तेव्हा निरोप येताच घरी जावे, साधी प्रार्थना करावी, नावे विचारू नयेत, कोणी सांगितल्यास दुसऱ्या घरी नेऊ नयेत. रोग्यास धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, डॉक्टरांचा कागद जपून ठेवावा. त्यानंतरही शंका उरल्यास धर्मग्रामाच्या फादरांमार्फत हकीकत नाशिकच्या बिशपांकडे लेखी पाठवावी. आणि जिचे नाव घेतले गेले असेल, तिच्या घरी त्याच आठवड्यात चहाला जाऊन यावे.