टीएसएच वाढला म्हणजे काय वाढलं?

थायरॉईडचा रिपोर्ट हातात आला की आधी काय बघता? आकड्यापुढचा 'एच'. बरोबर ना?

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याहून मावशीने असाच रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. टीएसएच 9.2. "थायरॉईड वाढलाय म्हणे, मग गोळी बंदच केली." घोळ इथेच होतो! टीएसएच थायरॉईड ग्रंथीत बनतच नाही, तो मेंदूखालच्या पिट्युटरीतून येतो. थायरॉईड ग्रंथी सुस्तावली की पिट्युटरी तिच्यावर ओरडायला लागते. आकडा वर, म्हणजे थायरॉईड कमी. गोळी सोडली तर आकडा आणखी चढणार. मावशीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पिटाळलं.

साधारण रेंज 0.4 ते 4. लॅबगणिक थोडा फरक, प्रेग्नन्सीत वेगळी.

आपल्या शहरी मंडळींची गंमत निराळी. केस गळतात म्हणून आपण बायोटिनच्या गोळ्या चघळतो. काही टेस्टमध्ये त्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-4 खोटाच जास्त दिसतो. (अमेरिकेच्या एफडीएने 2017मध्येच सावध केलं होतं.) म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारा. थायरॉईडची रोजची गोळी मात्र सोडायची नाही. त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्या.