दुकान दिसते, सभेची खोली दिसत नाही

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीचा निर्णय घेतला, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल, असा अंदाज वर्तविण्यात आला. चर्चा रंगली ती प्रामुख्याने वाढत्या किमतींची आणि तिजोरीतील भरीची. ज्याला दारू सोडायची आहे त्याने जायचे कोठे, हा प्रश्न नेहमीप्रमाणे बाजूलाच राहिला.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यापैकी ५ कोटी ७० लाख लोकांना या सवयीमुळे मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणते ना कोणते उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याची संधी तर १८० जणांत एकाला. खाटांची संख्या वाढवून ही दरी लवकर भरून निघेल, अशी चिन्हे नाहीत. म्हणूनच स्वमदत गटांचे महत्त्व वाढते.

'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' अर्थात 'एए' ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन हा शेअर व्यवहारातील माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, असे दोन मद्यपी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले आणि त्यातून ही पद्धत आकाराला आली. सभेला शुल्क नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. पुढे बसलेला माणूस उपदेशक नसतो. तोही त्याच वाटेने गेलेला असतो. महाराष्ट्रात पुण्याच्या 'मुक्तांगण'ने उपचारांना समूहाच्या आधाराची जोड दिली. डॉ. सुनंदा (अनिता) व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ही संस्था सुरू केली. उपचारानंतरचा पाठपुरावा हा तिच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे.

अडचण आहे ती सभेपर्यंत पोहोचण्याची. गुप्तता हा 'एए'चा पाया. सदस्य वृत्तपत्रांत वा दूरचित्रवाणीवर नाव-चेहरा उघड करीत नाहीत, संघटना स्वतःची जाहिरातबाजी करीत नाही. या गुप्ततेमुळेच नोकरदार माणूस निर्धास्तपणे सभेला जाऊ शकतो. परंतु जी गुप्तता आत आलेल्याला जपते, तीच बाहेरच्याला चाचपडत ठेवते. दारूच्या दुकानाचा फलक रस्त्यावरून दिसतो. सभा मात्र एखाद्या शाळेच्या वर्गात वा चर्चच्या खोलीत ठरावीक वारी तासा-दीड तासासाठी भरते आणि उठते. पत्ता विचारायचा तर स्वतःचे व्यसन आधी कबूल करावे लागते. शेजाऱ्याला विचारता येत नाही, कार्यालयात तर नाहीच. स्त्रियांच्या बाबतीत ही भिंत अधिक उंच. घरच्यांना न सांगता सायंकाळी बाहेर पडणेही अनेकींना कठीण जाते.

स्वमदत गट हा सर्व रोगांवरील उतारा नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. त्या टप्प्यावर डॉक्टरांना पर्याय नाही. मात्र त्यानंतरच्या दीर्घ वाटचालीत या पद्धतीचा उपयोग होतो, याला आधार आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉक्रेन' आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत 'एए' आणि त्याकडे वळविणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

मग सरकारने काय करावे? अनुदानाची घोषणा येथे निरुपयोगी आहे. 'एए' बाहेरची देणगी घेतच नाही, सभेचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागतो. गरज आहे ती माहितीची. सार्वजनिक रुग्णालयातून यकृताच्या आजाराचा वा मद्यपी अपघातग्रस्त रुग्ण घरी जातो, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर जवळच्या सभेचा वार, वेळ आणि पत्ता त्याच्या हाती पडला पाहिजे. समाजसेवा अधीक्षकाने रुग्णासमोरच गटाला दूरध्वनी लावून दिला, तर आणखी उत्तम. पहिल्या सभेला सोबत मिळाली की निम्मा संकोच तेथेच सुटतो. पालिका शाळांचे सायंकाळी रिकामे राहणारे वर्ग माफक भाड्याने देणे अशक्य नाही. केंद्राची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची, अशा दोन मदतवाहिन्या उपलब्ध आहेत. हे क्रमांक प्रत्येक परवानाधारक दुकानाच्या दर्शनी भागात ठळक अक्षरांत लावण्याची सक्ती करण्यास फारसा खर्च येणार नाही.

दारू सोडण्याचा निश्चय फार काळ टिकत नाही, हे त्या घरातील माणसे जाणतात. सकाळी घेतलेली शपथ सायंकाळी दुकानासमोर डळमळते. त्या मधल्या काही तासांत सभेचा पत्ता सापडला तर माणूस वाचण्याची शक्यता असते. दुकानातून महसूल गोळा करणाऱ्या राज्याने निदान हा पत्ता तरी हाताशी ठेवला पाहिजे.