रंगाखालची ओल

विकायच्या घराला ओलीवरून पुट्टी मारून रंग काढणं ही मला सरळसरळ फसवणूक वाटते. मामा, रागावू नका, पण नाहूरच्या घराचं तुम्ही सुचवलेलं मला पटलेलं नाही.

म्हणे, घेणारा बघून घेतो! आपली 'विक्रमादित्य' आठवा. रशियाची जुनी 'गोर्शकोव्ह'. २००४ च्या करारात सांगाडा फुकट, पैसे नूतनीकरणाचे. सुमारे ९७ कोटी डॉलर ठरले, शेवटी २३० कोटींच्या वर गेले. आणि घेणारं कोण, तर नौदल! तरी २०१२ मध्ये चाचणीत पूर्ण वेग दिला तेव्हा कुठे कळलं, की बॉयलरच्या आतल्या विटांनी दगा दिलाय. बाहेरून बघून कुणाला कळणार होतं? नौदलाने दुरुस्ती करून घेतली, जहाज ताब्यात घेतलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये. कर्ज काढून घर घेणारं जोडपं कुणाकडे जाणार? त्यांना तर पहिल्याच पावसाळ्यात कळेल.

जुन्या वस्तूवर खर्च जरूर करावा, पण आत. बाथरूमची गळकी लाइन बदलू, भिंत सुकू दे, मग हवा तो रंग. ते जमत नसेल तर ओल दाखवून भाव कमी करू. कमी आलेले पैसे माझ्या वाट्यातून कापा.