बहिणीचा हिस्सा कुठे गेला?

शरियतला धक्का लागला असे कोणी नुसते म्हटले तरी आमचा मोहल्ला जागा होतो. १९८५ मध्ये शहाबानो खटल्याचा निकाल लागला तेव्हा आम्ही रस्त्यावर आलो आणि १९८६ चा कायदा करून घेतला. २०१८ मध्ये तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध मालेगावात बुरख्यातील हजारो स्त्रियांचा मोर्चा निघाला. एरवी ज्यांना घराबाहेर पडू नका असे सांगितले जाते, त्यांनाच त्या दिवशी बाहेर पडा असे सांगण्यात आले. त्या आल्या, शिस्तीने चालल्या, शिस्तीने परतल्या. आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो त्या स्त्रियांना नव्हे, त्यांच्या भावांना. ज्या शरियतसाठी बहिणीला रस्त्यावर उतरवलेत, त्या शरियतने ठरवून दिलेला तिचा हिस्सा तिला दिलात काय?

हा हिस्सा कोणा सुधारकाने सुचवलेला नाही. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से मोजून दिले आहेत. मुलाच्या निम्मा मुलीला, मुले असतील तर विधवेला आठवा, आईला सहावा. निम्मा का, पूर्ण का नाही, हा वाद जरूर व्हावा; आम्हीही त्यात उतरू. पण जो निम्मासुद्धा देत नाही, त्याला त्या वादात बोलण्याचा अधिकार काय?

आमच्याकडे घडते ते असे. बाप जातो. चाळिसावा होतो. मग वारस नोंदीचे कागद निघतात. बहिणींना सासरहून बोलावले जाते, बिर्याणी होते, साडी-चोळी होते, आणि संध्याकाळी हक्कसोड पत्र पुढे येते. भाऊ म्हणतो, ‘आपा, इथे सही कर, नुसती औपचारिकता आहे.’ आपा सही करते. थोडक्या रुपयांच्या मुद्रांकावर लाखोंचा हक्क सुटतो. नाशिक वाढले, पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत मळ्यांचे प्लॉट झाले, गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे गेले. पण सातबाऱ्यावर बहिणीचे नाव शोधावे लागते. जुन्या नाशकातल्या वाड्यांचीही तीच कथा.

सही न करणाऱ्या बहिणीचे काय होते, तेही आम्ही जाणतो. तिचे माहेर तुटते. ईदला बोलावणे येत नाही. ‘भावावर केस करणारी’ म्हणून बिरादरीत तिचे नाव होते. म्हणजे हक्क मागितला तर भाऊ जातो, आणि भाऊ राखायचा तर हक्क जातो. अशा पेचात दिलेल्या संमतीला आम्ही खुशी म्हणतो!

याला इतिहास आहे. १९३७ चा शरियत कायदा झाला तो कशासाठी? रूढी मुसलमान स्त्रीला वारसा नाकारत होती. रूढी बाजूला सारून शरियत लागू करा, अशी मागणी मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनीही केली होती. कायदा झाला, पण त्यातून शेतजमीन वगळली गेली. ज्या देशात संपत्ती म्हणजे जमीन, तिथे जमीनच सोडून बाकीचा हक्क दिला. त्या पळवाटेविरुद्ध आमचा एकही मोठा मोर्चा आम्हाला आठवत नाही.

हे फक्त आमच्यात आहे असे समजून शेजाऱ्यांनी हसू नये. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला. तरी तलाठ्याकडे हक्कसोड पत्रांची कमतरता नाही. याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखोंनी बायका जमल्या होत्या. पुढे संघटनेने बायकोच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. बायको असो की बहीण, जमिनीचा कागद तिच्या हाती देताना पुरुषाचा हात कोणत्याही धर्मात सारखाच थरथरतो.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तेव्हा समाजाने त्यांना वेड्यात काढले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला; २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आली. पण नवरा तुरुंगात गेला तर ती राहणार कुठे, खाणार काय? २०२४ मध्ये न्यायालयाने पोटगीचा मार्ग पुन्हा स्पष्ट केला, तरी पोटगी तारखांमागून तारखा घेत येते. बापाच्या घरातली एक खोली तिच्या नावावर असती तर? तलाकच्या धाकाखाली जगणारी बाई मुळात छप्पर नसलेली बाई असते. तिच्यासाठी टीव्हीवर अश्रू ढाळणारे आणि शरियत बचाव म्हणून ओरडणारे, दोघेही त्या खोलीबद्दल गप्प आहेत.

‘लग्नात खर्च केला, जहेज दिला, तोच तिचा हिस्सा,’ असे सांगितले जाते. मग भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून का वळता करत नाही? मेहरची तीच गत. लग्नाच्या हॉलवर लाखो आणि मेहर जुजबी, तीही उधार. मेहर हे कर्ज आहे. नवरा वारला तर वाटणीआधी ते फेडायचे असते. मय्यतीच्या वेळी बायकोकडून ते ‘माफ’ करून घेणारे कोणत्या दीनचे पालन करतात?

आमच्या मुली आता शिकल्या आहेत. नाशिकच्या कॉलेजांत, कोर्टात, दवाखान्यांत त्या दिसतात. त्या सातबारा वाचू शकतात. उद्या त्या हक्कसोड पत्रही वाचतील, आणि सहीच्या जागी बोट ठेवून विचारतील. तोवर वाट पाहणे हा भेकडपणा आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. काझींनी निकाहाच्या वेळीच मेहर रोख द्यायला लावावी. मशिदीच्या कमिट्यांनी चाळिसाव्याला विचारावे की बहिणींची नावे चढली काय. आणि लिहिणाऱ्या आम्ही, जे स्त्रीमुक्तीवर परिसंवाद झोडतो, त्यांनी आधी आपापल्या घरचा उतारा काढून पाहावा. आमच्यापैकी किती जणांच्या उताऱ्यावर बहीण आहे? हे लिहिताना आमचीच मान खाली गेली आहे. ती वर करायची असेल तर लेख पुरणार नाही. तलाठी कार्यालयात जावे लागेल.