मनावर घेऊ नका, पेपरात लिहा

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी ते २००१ साली उभे केले. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढलेल्या अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट या खनिजांचे असे नमुने जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतात. काचेपुढे उभ्या राहिलेल्या मुलाला 'हे व्हायला किती वर्षं लागली?' हा प्रश्न सुचायलाच हवा. उत्तरही सरळ आहे. लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि स्फटिक त्याच्यानंतरचे, थंड झालेल्या खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्याने सावकाश वाढवलेले. हे सांगताना आपला, म्हणजे विज्ञान शिक्षकांचा, आवाज खाली येतो का, एवढाच या संपादकीयाचा विषय आहे. तो समजून घ्यायला मात्र आधी पुण्याला जावे लागेल.

पुण्यात औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. १९१५ साली कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था पुढे पुण्यात आली आणि २०१४ साली राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाली. ती चालवणाऱ्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची सृष्टीच्या निर्मितीबद्दलची श्रद्धा लेखी आहे. शंकेला जागा उरू नये म्हणून २०१५ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या जागतिक अधिवेशनात तिचे शब्द आणखी आवळले गेले: निर्मिती अलीकडची, सहा दिवसांची, आणि ते दिवस आपल्या आठवड्यातल्या दिवसांएवढेच. याला हट्ट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. शनिवारचा शब्बाथ हा या पंथाचा कणा आहे, त्याच्या नावातच तो आहे. सहा दिवस रूपक ठरले तर सातव्याला आधार कशाचा? त्यामुळे या पंथाच्या विद्यापीठात जीवशास्त्राचा तास हा केवळ जीवशास्त्राचा राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या ला सिएरा या त्यांच्याच विद्यापीठात २००९ पासून हे उघड्यावर आले. जीवशास्त्राचे प्राध्यापक उत्क्रांती वस्तुस्थिती म्हणून शिकवतात, अशी तक्रार झाली. मग विद्यापीठ दोन मान्यतांच्या कात्रीत सापडले. चर्चची मान्यता समिती श्रद्धेचा जाब विचारत होती, आणि शैक्षणिक मान्यता देणाऱ्या संस्थेला विद्यापीठाच्या स्वायत्ततेची काळजी लागली होती. जगातली बहुतेक धार्मिक विद्यापीठे कधी ना कधी या कात्रीत येतात, कारण एकीकडे ती पंथाची असतात आणि दुसरीकडे विज्ञानाची पदवी देणारी.

इथे पहिला निवाडा मी सरळ देतो. श्रद्धा पंथाची, पदवी समाजाची. विज्ञानाच्या पदवीवरचा शिक्का वाचणारा डॉक्टर, खाणमालक, भूजल खात्यातला अधिकारी किंवा पुढचा प्राध्यापक त्या पदवीधराचा धर्म विचारत नाही. त्या विषयाचा पुरावा याला पूर्ण माहीत आहे, असे तो धरून चालतो. तो पुरावा काय आहे, हे आपल्या दारातच बघता येते. जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने १९२३ च्या 'न्यू जिऑलॉजी' या ग्रंथात असे मांडले की जीवाश्म असलेले थर एका महापुराने बसवले. पुढे १९६१ साली व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांनी हीच कल्पना इतर पंथांत नेली. आता ती दख्खनच्या घाटात आणून ठेवा. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे लाव्हाच्या थरावर थर दिसतात, आणि पुष्कळदा दोन थरांच्या मध्ये गेरूच्या रंगाचा मातकट पट्टा असतो. भूवैज्ञानिक त्याला बोल म्हणतात. खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसात कुजला, त्याची माती झाली, आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा आला. विदर्भात तर दोन थरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख. एका वर्षाच्या महापुरात माती कुजायला, तळे साचायला आणि त्यात गोगलगायींच्या पिढ्या जगायला सवड कुठली? हे जीवाश्म नागपूरजवळ टाकळीला शोधणारा माणूस स्कॉटिश मिशनरी होता. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५५ साली नागपूरच्या भूशास्त्रावर निबंध छापला, आणि १८६३ साली अश्मवर्तुळांची पाहणी करून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. बायबल हातात घेऊन आलेल्या माणसाने दुसऱ्या हातात हातोडा घेतला आणि खडकात जे दिसले ते लिहिले.

'दोन्ही बाजू शिकवा, मुलांना ठरवू द्या,' असे यावर म्हटले जाते. ऐकायला ते उदार वाटते. दोन बाजू खरोखर कशा असतात, याचे ताजे उदाहरण याच खडकातले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' नियतकालिकात दख्खनच्या लाव्हाच्या वयावर दोन निबंध एकत्र आले. प्रिन्स्टनच्या गटाने थरांमधल्या झिरकॉन कणांतले युरेनियम आणि शिसे मोजले, तर बर्कलीच्या गटाने लाव्हातला आरगॉन. लाव्हाचे मोठे लोंढे डायनासोरांच्या अंताआधी आले की नंतर, यावर दोघांत मतभेद आहे आणि तो कडाक्याचा आहे. पण भांडण चालले आहे हजारो वर्षांच्या फरकावरून, तेही ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. दोन निराळी मूलद्रव्ये आणि दोन निराळ्या प्रयोगशाळा मूळ आकड्यावर एकमेकींच्या इतक्या जवळ येतात. वर्गात शिकवायच्या दोन बाजू या. सहा हजार वर्षे आणि साडेसहा कोटी वर्षे या दोन बाजू नव्हेत. त्यांच्यात दहा हजार पटींहून अधिक अंतर आहे आणि एकीकडे मापनच नाही.

इथवर आपल्यापैकी बरेच जण माना डोलावत आले असतील, कारण आतापर्यंतचा आरोपी परका होता. आपल्याकडे सहा दिवसांची अडचण नाही, कल्पांची आणि युगांची सवय आहे, म्हणून हे भांडण आपले नाही, असा एक सुखद समज मराठी शिक्षकवर्गात आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला झालेल्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, म्हणून शाळा-कॉलेजातून हे बदलावे, असा त्यांचा आग्रह होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढले, आणि वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना आवर घातला. पण तो उघड नकार होता, त्याला उत्तर देता आले. मला अधिक घातक वाटतो तो होकार. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह: पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणूस. आपल्या किती वर्गांत हे सहज, कौतुकाने सांगितले जाते! गंमत अशी की ही जुळणी प्राचीन नाही. १८७७ साली थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हॅट्स्की यांनी ती न्यूयॉर्कमध्ये छापली, आणि १८८२ मध्ये केशवचंद्र सेनांनी कलकत्त्यात मांडली. म्हणजे डार्विनच्या ग्रंथाला दीड-दोन दशके होऊन गेल्यावर, डार्विन वाचूनच. जिला आपण आपली म्हणून मिरवतो ती तुलना इतकी अलीकडची आहे. तिचा खरा तोटा असा की तिच्यात चित्र उरते आणि यंत्रणा जाते. नैसर्गिक निवड, विविधता, आनुवंशिकता, लोकसंख्येतले बदल यांतले काहीच अवतारांच्या क्रमात नाही. विष्णूने ठरवून घेतलेले जन्म आणि कुणीही न ठरवता झालेले बदल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच डार्विन. ब्रह्मदेवाच्या दिवसाचेही तसेच. एक हजार चतुर्युगे म्हणजे ४३२ कोटी वर्षे, आणि पृथ्वीचे वय ४५४ कोटी, म्हणून आपल्याला आधीच माहीत होते! क्लेअर पॅटर्सन यांनी १९५६ साली उल्केतल्या शिशावरून ते वय काढले तेव्हा त्यांच्या आकड्याबरोबर चुकीची मर्यादाही होती. मापन सुधारले की आकडा सुधारतो. पुराणातल्या आकड्याला कुठली दुरुस्ती लावणार? जो आकडा चुकूच शकत नाही तो बरोबर आला तरी त्यातून काही शिकता येत नाही.

नकार आणि होकार यांच्या मधोमध मौन आहे, आणि आपल्या पेशाचा खरा रोग तिथे आहे. केंद्राच्या एनसीईआरटीने महासाथीच्या काळात भार हलका करण्यासाठी दहावीचा उत्क्रांतीचा भाग वगळला आणि २०२३ मध्ये तो पुस्तकातूनच गेला. १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण बारावीला जीवशास्त्र किती मुले घेतात? बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा दुसऱ्या भागातला पहिलाच धडा. म्हणजे एकाच गावात राज्य मंडळाचे पोर उत्क्रांती शिकते आणि शेजारचे केंद्रीय मंडळाचे शिकत नाही. मग आपले पोर सुदैवी? पुस्तकात धडा असला म्हणजे तो शिकवला जातोच असे नाही. 'हे असं असं आहे, पेपरात लिहा, मनावर घेऊ नका' हे वाक्य आपल्या पेशात कुणी ऐकले नाही असे होणार नाही. स्पायसर चालवणारे चर्च आपली श्रद्धा निदान छापून ठेवते, तिच्याशी वाद घालता येतो. वर्गात विज्ञान सांगून त्याच श्वासात ते मागे घेणाऱ्या शिक्षकाशी वाद कसा घालायचा? त्याने काहीच नाकारलेले नसते.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला वजनदार आहे. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, मग त्यांच्या वर्गात डोकावणारे आपण कोण? हक्क पक्का आहे. पण टी. एम. ए. पै खटल्यात २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असेही सांगितले की शैक्षणिक दर्जा राखण्यासाठीची नियमने या हक्काच्या आड येत नाहीत. २८ व्या अनुच्छेदानुसार तर मान्यताप्राप्त संस्थेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवताच येत नाही. तेव्हा चर्चने, मठाने, ट्रस्टने आपली श्रद्धा धर्माच्या तासाला मोकळेपणाने सांगावी, आणि जीवशास्त्राच्या तासाला जीवशास्त्र पूर्ण शिकवावे. हाच नियम बहुसंख्याकांच्या संस्थांना तेवढ्याच कडकपणे लागू व्हायला हवा. नाहीतर तो नियम उरत नाही, चिमटा होतो.

दुसरा आक्षेप: श्रद्धाळू मुलाचे मन दुखावेल. शिक्षकाने मुलाची श्रद्धा तपासायची नाही, पुराव्याची समज तपासायची. 'पृथ्वीचे वय किती आहे असे तुला वाटते?' हा प्रश्नपत्रिकेतला प्रश्न नव्हे. 'किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकाचे वय कसे काढतात?' हा प्रश्न आहे, आणि सहा दिवसांवर श्रद्धा असलेला विद्यार्थीही त्याचे पूर्ण गुणांचे उत्तर लिहू शकतो. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे वनस्पतिसंग्रहालय एथेलबर्ट ब्लॅटर या जेझुइट धर्मगुरूच्या नावाने आहे. त्याच कॉलेजातले फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांच्या पाद्रीपणाने हर्बेरियममधला एकही कागद बिघडवला नाही.

तिसरा आक्षेप, 'शेवटी तो एक सिद्धांतच', हा तर मराठीत टिकतच नाही. इंग्रजीत त्याला थोडी जागा आहे, कारण तिथला शब्द अंदाजालाही चालतो. आपल्याकडे सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला गेलेले. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत त्याची जागा संशयानंतर येते. मात्र आपण 'उत्क्रांतिवाद' म्हणत राहिलो, आणि 'वाद' म्हटले की मुलांना भांडण ऐकू येते. निदान फळ्यावर तरी हा शब्द बदलायला आजपासून हरकत नाही.

सिन्नर, इगतपुरी, संगमनेर, जुन्नर या टापूत ज्या शाळांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर लाव्हाच्या दोन थरांमधला लाल पट्टा उघडा आहे, त्यांची यादी आम्ही करतो आहोत. रस्त्याच्या कापात असेल तर किलोमीटरचा दगड, विहिरीत असेल तर खोली, आणि सोबत मोजपट्टी ठेवून काढलेला एक फोटो पाठवावा. आलेली ठिकाणे जूनच्या अंकात, शाळा उघडण्याआधी, छापू.