उमरावपणाची हौस

१४ ऑक्टोबर १६७० रोजी शांबोर येथे चौदाव्या लुईसमोर मोलिएरची ‘ल बुर्झ्वा जांतियोम’ ही सुखात्मिका प्रथम सादर झाली. तिचा नायक झूर्दँ हा कापडव्यापाऱ्याचा धनाढ्य मुलगा. उमरावांत आपली गणना व्हावी म्हणून तो संगीत, नृत्य, तलवारबाजी आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षक पदरी ठेवतो. आपण चाळीस वर्षे नकळत गद्यच बोलत आलो, हे समजताच त्याला झालेला हर्ष प्रसिद्धच आहे.

परंतु या हास्याचा रोख एकट्या झूर्दँवर आहे असे मानणे म्हणजे नाटक अर्धेच वाचणे होय. रागावर ताबा ठेवण्याचा उपदेश करणारे तत्त्वज्ञ महाशय क्षणार्धात इतर शिक्षकांशी हातघाईवर येतात. सरदार दोरांत तर झूर्दँकडून उसने घेतो आणि त्यानेच दिलेली हिऱ्याची अंगठी स्वतःची भेट म्हणून प्रेयसीला देतो. शिष्य शहाणा व्हावा, असे यांपैकी कोणालाच वाटत नाही. त्याची थैली सैल राहिली म्हणजे झाले.

शिकण्याची इच्छा मुळीच हास्यास्पद नाही. विद्या भरजरी अंगरख्यासारखी मिरवू पाहणे मात्र हास्यास्पद आहे. आपण उमराव नाही असे प्रांजळपणे सांगणाऱ्या क्लेओंतला झूर्दँ मुलगी नाकारतो. तोच तुर्की राजपुत्राचे सोंग घेऊन येताच आनंदाने देऊ करतो. पदव्यांची झूल विकणारे आणि ती पांघरणारे आजही कमी नाहीत. म्हणून झूर्दँला हसताना त्याच्या शिक्षकांनाही जाब विचारला पाहिजे.